ऐकण्यासाठी बसावे लागते

गेल्या वर्षी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर या परगण्यात काही दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. मोहरचे कडे तेथे समुद्रातून सरळ वर उठले आहेत. कोठे कोठे त्यांची उंची 200 मीटरांहूनही अधिक आहे. उत्तरेस बरन हा चुनखडीचा प्रदेश. दुरून केवळ उघडा खडक दिसतो. जवळ जावे तो भेगाभेगांतून रानफुले डोकावतात. हे सारे चालता चालता पाहता आले. संगीतासाठी मात्र बसावे लागले.

मिलटाउन मॅलबे या लहानशा गावी विली क्लॅन्सी नावाचे पाइपवादक होऊन गेले. कोपराखालच्या भात्याने वाजणारे ते वाद्य. 1973 साली ते वारले आणि त्याच वर्षापासून दर जुलैमध्ये त्यांच्या नावाने तेथे संगीतशाळा भरते. जाणते वादक नवशिक्यांना शेजारी बसवून सूर देतात. परंतु या संगीताने वाईट दिवसही पाहिले आहेत. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यास परवाना आवश्यक झाला, आणि त्याच्या धाकाने घरोघरच्या गाण्यानाचण्याच्या बैठकी मोडल्या. त्या कायद्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत धर्मगुरू पुढे होते. हे आठवून आमची मान खाली गेली. कारण आम्हांस आपली स्वतःची खिडकी आठवली.

2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. सातपुड्याचा उतार, संत्र्यांचे बगीचे, कपाशीची शेते, जाम नदी, हे आमचे नित्याचे दृश्य. सौंसरकडील ज्या गावी आम्ही राहतो, तेथे आमच्या घरामागेच भजनी मंडळ बसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) विदर्भात गावोगाव नेलेली खंजिरी तेथे दर गुरुवारी वाजते. त्या वेळी आम्ही खिडकी लावून वाचीत बसत असू. कायदा नव्हता, खिडकी पुरेशी होती.

परतल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी आम्ही तेथे जाऊन सतरंजीवर बसलो. खंजिरी वाजविणारे आजोबा भजन संपल्यावर म्हणाले, “फादर, तुम्हाले इथं येऊन सहा वर्षं झाली. बसाले आज आले.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

त्यांचा नातू नागपुरास कारखान्यात आहे. खंजिरी पुढे कोण धरील, हे त्यांस ठाऊक नाही. आम्ही भीतभीतच विचारले, आमच्या गायकवृंदात ढोलक वाजविणारी दोन मुले आहेत. त्यांना पाठवू काय? आजोबा क्षणभर थांबले. “पाठवा,” ते म्हणाले, “पण अर्ध्यातून उठाचं नाही.”

मुले आता जातात. खंजिरी अजून त्यांच्या हाती बसलेली नाही. आमची खिडकी मात्र गुरुवारी उघडी असते. वाचकहो, आपल्याही घरामागे कोठे तरी असे सूर निघत असतील. दूरदेशी जाण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन बसावे.