वेळेला जागणारा

घरच्या कारखान्यांतील मिलिंग यंत्रास हुकूम सोडण्यासाठीं कोणता संगणक घ्यावा, यावर आमच्या घरांत बरेच दिवस खल चालला होता. चिरंजीवांचा कौल नव्या, वेगवान संगणकास. आमचा हिशेब निराळा. यंत्राच्या मोटारीस एका फेऱ्यास २०० पावलें. प्रत्येकाचे आठ भाग धरले म्हणजे १६०० स्पंद, आणि तेवढ्यांत मेज अवघें ५ मिलिमीटर सरकतें. सेकंदास २० मिलिमीटर जावयाचें तर ६४०० स्पंद, म्हणजे दर १५६ मायक्रोसेकंदांस एक! बरें, मोटारीस उलट जबाब देण्याची सोय नाहीं. एक पाऊल हुकलें कीं पुढचें सारें काम त्या चुकीवरच रचलें जातें.

म्हणून आम्हीं ‘लिनक्ससीएनसी’ची विलंबचाचणी लावली. तींत १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आंतला संगणक उत्तम, १०० च्या पलीकडचा निरुपयोगी. घरांतला नवा लॅपटॉप वीज वाचविण्याच्या नादांत मधूनच डुलकी घेई. अडगळींतला, पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप मात्र १५ च्या आंतच राहिला. चिरंजीवांनीं स्वतःच त्यावरची धूळ झटकली.

चपळाईचें कौतुक सर्वत्रच होतें. पण ज्याच्या हवालीं पोलादाचा तुकडा निर्धास्तपणें करावा, तो वेळेला जागणाराच असावा लागतो.