ज्यांचं लिहायचं राहून जातं

चि. निखिल,



विकिपीडियावर कुणालाही लिहिता येतं, तरी बायका तिथे कमी दिसतात, म्हणजे त्यांना रस नसावा, असं तू म्हणतोस. मुभा सगळ्यांना आहे, हे खरंच. पण लिहायला स्वतःचा फोन लागतो आणि हक्काची सवड लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, बायका ३३ टक्के. स्वतः वापरायचा मोबाइल जेमतेम ५४ टक्के बायकांकडे होता. घरात एकच फोन असला की तो सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि रात्री मुलांच्या अभ्यासाला लागतो. सवडीचं म्हणशील, तर २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. रस आहे की नाही, हे सवड मिळाल्यावरच कळायचं.

यावर तू म्हणशील, श्रीमंत देशांत तर फोनही आहेत आणि इंटरनेटही, तरी २०११ च्या पाहणीत विकिपीडियाच्या संपादकांत बायका दहा टक्क्यांच्याही आत होत्या, त्याचं काय? तिथली अडचण पुढची आहे. डॉना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी केलेला मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. नियम सगळ्यांना सारखाच होता, हा बचाव मला मान्य आहे. पण बाईच्या कामाची दखल आधी वृत्तपत्रांनीच घेतली नसेल, तर संदर्भ यायचे कुठून? बाहेरची विषमता सारख्या नियमातून जशीच्या तशी आत येते. आणि निव्वळ रसाचाच प्रश्न असता, तर २०१५ साली बायकांवरचे लेख वाढवण्यासाठी ‘विमेन इन रेड’ हा उपक्रम सुरू झाल्यावर चित्र बदललं नसतं. तेव्हा इंग्रजीतल्या चरित्रलेखांत बायकांवरचे लेख पंधरा टक्क्यांच्या आसपास होते, ते पुढे वीस टक्क्यांच्या घरात गेले. ठरवून बोलावलं की माणसं येतात.

म्हणून एक सांगते. कॉलेजात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घेशील, तेव्हा ती स्वयंपाकाच्या वेळेला ठेवू नकोस, संगणक तिथलेच दे आणि गावातल्या बायकांना मुद्दाम बोलाव. कोण लिहीत नाही हे मोजण्याआधी एवढं कर.

तुझी,
मावशी