पुलाचे पाय

मलकापूरला गेलो की आगाशिवाचा डोंगर चढल्यावाचून मला चैन पडत नाही. यंदा सोबतीला पुलांची कामे करणारा भाचा होता. लेण्यांपाशी टेकलो. खाली मलकापूर, त्याला लागून कऱ्हाड, पलीकडे कोयना. आणि महामार्गावर तीन किलोमीटरांहून लांब उड्डाणपुलाच्या खांबांची रांग.

"देखणा आहे रे," मी म्हणालो, "पण इथली जमीन हलते, बरं का!"

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मी कशी विसरेन? ४ वाजून २१ मिनिटांनी मांडणीवरची भांडी धडाधड कोसळली. आईने आम्हां भावंडांना अंगणात ओढले. थोरला दादा तेव्हा कोयनानगरला होता. वडील दिवसभर कऱ्हाडच्या नाक्यावर पाटणच्या रस्त्याकडे डोळे लावून उभे. संध्याकाळी एका ट्रकातून दादा उतरला, धुळीने माखलेला. तेव्हा कुठे वडील खाली बसले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मात्र गेली ती गेलीच.

"त्या धक्क्याची नोंद कोयना धरणातल्या यंत्रावर झाली होती," भाचा म्हणाला. "गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशांहून अधिक प्रवेग! पण मामा, ती एका जागची नोंद. लांब पुलाला पाय किती! प्रत्येकाखालची जमीन त्याच क्षणी, तशीच हलेल असं नाही."

खडकातून भूकंपाची मुख्य कंपने सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर धावतात. ती पुलाच्या लांबीने आली, तर एका टोकाला धक्का बसल्यावर दुसऱ्या टोकाला तो पोचायला सेकंदभर लागेल. कोयनानगरकडून येणारी लाट या पुलाला बरीचशी आडवी येईल, म्हणून अंतर कमी. पण एक पाय काळ्या पाषाणावर, दुसरा नदीकाठच्या मऊ मातीत असेल, तर मातीतला जास्त झुलतो. आखूड खांब ताठ म्हणून जास्त जोर अंगावर घेतो. शेजारचे दोन गाळे उलटसुलट हलले, की मधला सांधा उघडतो आणि तुळई टेकूवरून निसटते. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचा पंधरा मीटरांचा तुकडा असाच खाली आला. उलट जपानचा आकाशी पूल बांधत असताना १९९५ चा कोबेचा भूकंप झाला. दोन मनोरे जवळजवळ मीटरभर दूर सरकले, पण उभे राहिले. अभियंत्यांनी पुढचा आराखडाच त्या मापाने बदलला.

"मग उपाय?"

"टेकू रुंद ठेवायचे, तुळयांना अडसर घालायचे, खांबात पोलादाची कडी दाट गुंफायची. तडा गेला तरी चालेल, मामा. पडता कामा नये."

उतरताना मी पुन्हा त्या रांगेकडे पाहिले. तडा गेला तरी चालेल, हे मला पटले. धक्क्यानंतर संध्याकाळी कुणाचा तरी दादा ट्रकातून परत यायचा असतो. त्याला रस्ता हवा.