मैदानावर नवख्याला जागा

मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,००० हून अधिक प्रेक्षक बसतात. अमेरिकेतल्या कॉलेजांचा खेळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर असलंच काहीतरी येतं: खचाखच भरलेलं मैदान, टीव्हीचे कॅमेरे, कोट्यवधी डॉलरचे करार. पण या विद्यापीठात पदवीचे विद्यार्थी आहेत ३०,००० हून जास्त आणि विद्यापीठाच्या संघांतून खेळणारे आहेत सुमारे नऊशे. शंभरात तीनच्या आसपास. आता मॅसॅच्युसेट्समधलं ॲम्हर्स्ट कॉलेज घ्या. विद्यार्थी १,९०० च्या आसपास, सामन्यांना गर्दी बेताची, टीव्हीचा प्रश्नच नाही. तिथे मात्र जवळजवळ दर तिसरा विद्यार्थी कॉलेजच्या कुठल्या ना कुठल्या संघात असतो. शिक्षणसंस्थेतला खेळ हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि त्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मला हीच वाटते. खेळाचा खरा भार मोठ्या विद्यापीठापेक्षा छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजवर कितीतरी अधिक पडतो. मोठ्या विद्यापीठात खेळ हा एक स्वतंत्र उद्योग असतो, आणि तो बंद केला तरी वर्गात कोण बसलं आहे यात फारसा फरक पडणार नाही. छोट्या कॉलेजात वर्गात कोण बसणार, याचाच निर्णय काही अंशी मैदान करत असतं.

या कॉलेजांची ख्याती अगदी उलट आहे. अमेरिकेतल्या आंतरमहाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७३ मध्ये आपल्या सदस्य संस्थांची तीन गटांत विभागणी केली. त्यातला तिसरा गट, डिव्हिजन थ्री, खेळासाठी एक डॉलरचीही शिष्यवृत्ती देत नाही. ॲम्हर्स्ट, विल्यम्स, बोडन, मिडलबरी अशा न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजांनी १९७१ मध्ये स्थापलेली नेस्कॅक ही परिषद तर त्याहून कडक. अभ्यास बुडू नये म्हणून १९९०च्या दशकापर्यंत तिने आपल्या संघांना एनसीएएच्या राष्ट्रीय सांघिक स्पर्धांत उतरूच दिलं नव्हतं. या परंपरेची मुळं जुनी आहेत. १ जुलै १८५९ रोजी पिट्सफील्ड गावात ॲम्हर्स्ट आणि विल्यम्स यांच्यात अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना झाला. ॲम्हर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला, आणि त्याला जोडूनच दोन्ही कॉलेजांत बुद्धिबळाचाही सामना झाला. शरीर आणि बुद्धी यांची अशी जोडी ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांच्याकडे हौशी खेळाचा शेवटचा बालेकिल्ला म्हणून पाहिलं जाणं स्वाभाविक आहे. मात्र पैसा नाही म्हणून किंमतच मोजली जात नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही. या कॉलेजांकडे देण्यासारखी सर्वांत मौल्यवान वस्तू पैसा नव्हेच, ती आहे प्रवेशाची जागा. ॲम्हर्स्टने २०१७ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्याच अहवालात हे मोकळेपणाने मांडलं. दरवर्षी ६७ पर्यंत विद्यार्थ्यांच्या बाबतीत खेळातलं कौशल्य हा प्रवेशाचा निर्णायक घटक असतो. चांगल्या गुणांच्या जोडीला प्रशिक्षकाची पसंती मिळून येणारे आणखी काही डझन वेगळेच. नवा वर्ग असतो साधारण पावणेपाचशेंचा. एकट्या अमेरिकन फुटबॉलला सत्तर-ऐंशी मुलांचा संघ लागतो, म्हणजे दरवर्षी वीसेक नवी मुलं. वर्गातले निम्मे मुलगे धरले, तर दर बारा मुलग्यांमागे एक केवळ या एका खेळाचा. मिशिगनला असा हिशेब करावा लागत नाही.

याचा अभ्यासावर काय परिणाम होतो, हे अंदाजावर सोडण्याची गरज नाही. प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि त्यांचे सहकारी जेम्स शुलमन यांनी २००१ मध्ये ‘द गेम ऑफ लाइफ’ हे पुस्तक लिहिलं. निवडक प्रवेश देणाऱ्या ३० संस्थांतल्या सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांची माहिती त्यांच्या हाती होती. १९५१, १९७६ आणि १९८९ या तीन वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकड्या त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. १९५१ च्या तुकडीतले खेळाडू अभ्यासात इतरांच्या बरोबरीचे होते. १९८९ पर्यंत चित्र पालटलं होतं. खेळाडूंना प्रवेशात मिळणारं झुकतं माप वाढलं होतं आणि त्यांचे गुण बरेच खाली गेले होते. प्रवेशाच्या वेळचे गुण पाहता त्यांच्याकडून जी अपेक्षा ठेवता आली असती, तिच्याहीपेक्षा ते मागे पडत होते. दोन वर्षांनी बोवेन यांनी सेरा लेविन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाने हेच निष्कर्ष आणखी पक्के केले. मला यातला काळाचा धागा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळणं आणि शिकणं यांत मुळातच वैर असतं, तर ते १९५१ मध्येही दिसलं असतं. तेव्हा कॉलेजात आलेल्या मुलांतून संघ उभा राहत असे. नंतर संघासाठी मुलं कॉलेजात येऊ लागली. बदल झाला तो इथे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. व्हायोलिन उत्तम वाजवणाऱ्या मुलीला प्रवेशात थोडं झुकतं माप मिळतं, मग टेनिस उत्तम खेळणारीला का नको? दोघींनी लहानपणापासून तासन् तास मेहनत घेतलेली असते. बोवेन-शुलमन यांच्या आकडेवारीत याचं अर्धं उत्तर आहे. वाद्यवृंद, विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र अशा वेळखाऊ उपक्रमांत असलेले विद्यार्थी अभ्यासात अपेक्षेपेक्षा पुढे असलेले आढळले. म्हणजे खेळाडू मागे पडतात ते वेळ कमी पडल्याने, असं सरसकट म्हणता येत नाही. उरलेलं अर्धं उत्तर मला अधिक मोलाचं वाटतं. लिबरल आर्ट्स शिक्षणाचं मूळ गृहीतक असं, की अठराव्या वर्षी माणूस पूर्णपणे नवी गोष्ट सुरू करू शकतो. रसायनशास्त्र शिकायला आलेली मुलगी ग्रीक भाषेच्या पहिल्या धड्याला बसते, अर्थशास्त्राचा विद्यार्थी मातीची भांडी घडवायला शिकतो, आणि कुणी त्यांना विचारत नाही की तू यापूर्वी दहा वर्षं काय करत होतास. ग्रीकच्या वर्गाला नवखे हवेच असतात, नवख्यांसाठीच तर तो असतो. सबंध कॉलेजात एकच दालन असं आहे जिथे नवख्याला दार जवळजवळ बंद आहे, आणि ते म्हणजे निवडीवर चालणारा संघ. तिथे शिक्षण दुसरीकडेच पूर्ण झालेलं असावं लागतं. ते दुसरीकडचं शिक्षण महागडं असतं: खासगी क्लब, प्रवास, उन्हाळी शिबिरं. खेळासाठी निवडलेले विद्यार्थी इतरांच्या तुलनेत अधिक सधन घरांतले आणि बहुतांशी गौरवर्णीय असतात, हे ॲम्हर्स्टच्या अहवालानेही लपवलेलं नाही.

या चित्रात मुंबईही आहे. कनेटिकटमधलं ट्रिनिटी कॉलेज २,२०० च्या आसपास विद्यार्थ्यांचं. त्याच्या पुरुष स्क्वॉश संघाने पॉल असाएंट यांच्या मार्गदर्शनाखाली १९९८ पासून जानेवारी २०१२ पर्यंत सलग २५२ लढती जिंकल्या, येलने ती मालिका तोडेपर्यंत. अमेरिकेच्या आंतरमहाविद्यालयीन खेळांत इतकी लांब विजयमालिका दुसरी नाही. तिचा पाया होता जगभरातून खेळाडू आणण्याचं धोरण, आणि त्यात मुंबईचे मानेक माथुर, विक्रम मल्होत्रा यांच्यासारखे खेळाडूही होते. या मुलांच्या मेहनतीबद्दल मला नितांत आदर आहे. अमेरिकी मुलांना दिल्ली, कैरो, क्वालालंपूरच्या मुलांशेजारी चार वर्षं राहायला मिळालं, हाही एक प्रकारचा शिक्षणलाभच. पण त्या कोर्टवर आधी कधीच रॅकेट न धरलेल्या ट्रिनिटीच्या विद्यार्थ्याला त्या संघात काय जागा होती, हा प्रश्न विचारावाच लागतो. मुंबई-पुण्यातल्या काही सधन घरांत आज स्क्वॉश, टेनिस, तलवारबाजी यांकडे परदेशी प्रवेशाची वाट म्हणून पाहिलं जातं. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दार कुठून उघडतं ते त्यांना कळलं आहे, इतकंच.

काही कॉलेजांनी हा हिशेब उघडपणे मांडून निर्णय घेतले. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या विश्वस्तांनी डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल आणि कुस्ती बंद केली. चौदाशेच्या आसपास विद्यार्थी आणि वीसहून अधिक संघ. सगळे संघ बरोबरीने लढायचे तर नव्या वर्गातला फार मोठा वाटा खेळासाठी राखावा लागला असता. माजी विद्यार्थी खवळले, देणगीदार दुखावले. ती वेदना खरी होती. शंभराहून अधिक वर्षं जिथे फुटबॉल खेळला जात होता तिथे तो थांबला. पण कॉलेजातला खेळ काही संपला नाही. २०१९ मध्ये त्याच कॉलेजचा बास्केटबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय महिलांच्या कॉलेजने याहून टोकाचं पाऊल उचललं. २,१०० विद्यार्थिनींतल्या सुमारे ८० जणींच्या स्पर्धांवर वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च होत होता. अध्यक्ष बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं, की आंतरमहाविद्यालयीन खेळ बंद करून तो पैसा सगळ्याच विद्यार्थिनींच्या व्यायामासाठी आणि आरोग्यासाठी वापरला जाईल. मधुमेह, रक्तदाब यांनी ग्रासलेल्या समाजातल्या मुलींसाठी हा विचार न्याय्य होता. तरीही मी तिथपर्यंत जाणार नाही. ट्रेडमिलवर माणूस एकटा असतो. दुसऱ्याच्या चुकीचा भार आपल्या खांद्यावर घेणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा एकत्र जमणं, हे शिकवणारी व्यवस्था संघाइतकी प्रभावी दुसरी मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे. ॲम्हर्स्ट-स्वार्थमोर श्रीमंत आहेत, दाराशी अर्जदारांची रांग असते. त्यांना निवडीची चैन परवडते. फीवर जगणाऱ्या शेकडो छोट्या कॉलेजांना खेळाडू हेच गिऱ्हाईक. मिशिगन राज्यातल्या एड्रियन कॉलेजची विद्यार्थिसंख्या २००५ मध्ये नऊशेच्याही खाली गेली होती. अध्यक्ष जेफ्री डॉकिंग यांनी नवे संघ काढले, मैदानं बांधली, कोणत्या प्रशिक्षकाने किती विद्यार्थी आणायचे ते ठरवून दिलं, आणि काही वर्षांत संख्या जवळजवळ दुप्पट झाली. हे यश मी नाकारत नाही. त्यामुळे एका गावातलं कॉलेज टिकलं. मात्र याला सार्वत्रिक उपाय मानणाऱ्यांनी अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजकडे पाहावं. १८५६ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजने २००६ मध्ये वरचा गट सोडून डिव्हिजन थ्रीची वाट धरली आणि विद्यार्थी वाढावेत म्हणून फुटबॉल सुरू केला. कर्ज आणि आटत गेलेला निधी यांपुढे ते पुरलं नाही. ३१ मे २०२४ रोजी कॉलेज कायमचं बंद झालं, आणि त्याच दिवशी त्याचा बेसबॉल संघ ओहायोमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीतला सामना खेळत होता. संघ देशातल्या सर्वोत्तमांत होता, पण त्याच्या मागे संस्थाच उरली नव्हती.

मग छोट्या कॉलेजने खेळाचं काय करावं? माझं म्हणणं एवढंच, की संघाचं मोजमाप करताना करंडकांच्या बरोबरीने, किंबहुना आधी, एक आकडा पाहावा: संघातल्या किती जणांनी हा खेळ याच कॉलेजात पहिल्यांदा शिकला? यात स्वप्नरंजन काही नाही, असे संघ आहेत. स्वार्थमोरच्या शेजारचं हॅवरफर्ड कॉलेज १८३३ मध्ये क्वेकर पंथीयांनी काढलेलं. फुटबॉल त्याने १९७२ मध्येच सोडला, क्रिकेट मात्र १९व्या शतकापासून जपलं. १८६४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध झालेला त्याचा क्रिकेट सामना अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या आंतरमहाविद्यालयीन लढतींपैकी एक. कॉलेजचा अधिकृत संघ म्हणून क्रिकेट चालवणारं ते तिथलं एकमेव कॉलेज मानलं जातं. भारत, पाकिस्तानातून आलेली मुलं त्या संघात असतात, आणि त्यांच्या शेजारी आयुष्यात कधी बॅट न धरलेली अमेरिकन मुलंही. तिथे प्रशिक्षक खऱ्या अर्थाने शिक्षक असतो, कारण त्याला बॅट कशी धरायची इथपासून सुरुवात करावी लागते.

‘असे संघ हरतच राहतील’ या आक्षेपाला नौकानयन हे उत्तर आहे. अमेरिकी कॉलेजांत नवख्यांची वेगळी नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. कॉलेजात येईपर्यंत वल्हं हाती न घेतलेल्या मुली पहिलं वर्ष तिच्यात शिकतात आणि पुढे मुख्य नावेत जातात. डिव्हिजन थ्रीच्या महिला नौकानयनात २००६ ते २०१३ अशी सलग आठ वर्षं अजिंक्यपद मिळवणारं कॉलेज होतं विल्यम्स, २,००० च्या आसपास विद्यार्थ्यांचं. नवख्यांना शिकवणं आणि जिंकणं यांत निवड करावीच लागते, असा काही नियम नाही. प्रत्येक खेळात मात्र हे शक्य नाही, हेही कबूल करायला हवं. अंगावर धडकणाऱ्या फुटबॉलमध्ये किंवा आइस हॉकीत नवख्याला उतरवणं धोक्याचं आहे. अशा खेळांना कॉलेजने मर्यादित जागा द्याव्यात आणि त्या किती आहेत, हे ॲम्हर्स्टसारखं उघडपणे सांगावं.

आपल्याकडे राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. तेही आधी मिळवलेल्या यशाचेच असतात. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर आलेल्या मुलीसाठी त्यात काही नाही. पुण्यात गेल्या दोन दशकांत लिबरल आर्ट्सचं शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या क्रीडाधोरणावर अजून कुठल्या जुन्या परंपरेचं ओझं नाही. त्यांनी विद्यापीठ स्पर्धांतली पदकं अवश्य मोजावीत, पण प्रत्येक संघात निदान एक तृतीयांश जागा तो खेळ आधी कधीच न खेळलेल्यांसाठी ठेवाव्यात, आणि प्रशिक्षकाच्या कामाचा वार्षिक आढावा घेताना त्या मुलांचं पुढे काय झालं हे आधी विचारावं.