मोतीच्या पोटाविषयी, मावशीला

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२० एप्रिल २०२५

ती. स्व. मावशीस,


मे महिनाभर तू इथे राहायला येतेस, फार आधार वाटला. घराची मला काळजी नाही, मोतीची आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "गावठी कुत्रं आहे, दगडसुद्धा पचवील. त्याला कसलं पथ्यपाणी?" तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. धान्यातलं पिष्ट पचवायला जे जनुक लागतं, त्याच्या लांडग्यात २ प्रती सापडल्या आणि कुत्र्यांत ४ ते ३०. माणसाच्या उंबऱ्याशी राहून, त्याचं उरलंसुरलं खाऊन कुत्र्याचं पोटच बदलत गेलं. जेवणाआधी कुत्र्याचा घास बाजूला काढायची आपली रीत आणि त्या घासातली ज्वारीची भाकरी त्याला परकी नाही.

पण भाकरी पचते म्हणून काहीही, केव्हाही पचतं असं नाही. आतड्यातले जिवाणू रोजच्या अन्नाला सरावलेले असतात. अन्न एकदम बदललं की त्यांची घडी विस्कटते, न पचलेलं अन्न आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब लागतात. रस्त्यावरची कुत्री सगळं पचवताना दिसतात, कारण ज्यांना पचलं नाही ती आपल्याला दिसायला उरलेलीच नसतात.

मोतीही रस्त्यावरचाच होता. २०१८ साली नारेगावचा कचरा डेपो बंद पडला आणि शहरभर रस्त्यांवर ढीग साचले, तेव्हाचं हे पिल्लू. घरी आणलं आणि लगेच त्याला पार्व्हो झाला. हा विषाणू आतड्याच्या आतल्या अस्तरावरच घाला घालतो. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन लस न घेतलेली किती तरी पिल्लं दगावतात. मोती सलाइनवर तगला. पार्व्होतून वाचलेल्या कुत्र्यांना पुढे पोटाच्या तक्रारी जास्त होतात, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. त्याच्या पथ्याला कुणी लाड म्हटलं की मला वाईट वाटतं ते यासाठी.

त्याचं रोजचं अन्न साधं आहे: मऊ भात किंवा भाकरी, उकडलेलं बिनहाडाचं चिकन, थोडा वाफवलेला लाल भोपळा आणि डॉक्टरांनी दिलेली खनिजांची पूड. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. ती पूड विसरू नकोस. नुसत्या भात-चिकनवर कुत्र्याला कॅल्शियम पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी वाढायचं आणि उरलेलं अर्ध्या तासात उचलायचं. मेच्या उन्हात भांड्यातलं अन्न लवकर आंबतं.

पाण्याचं मुद्दाम सांगते. आपल्याकडे जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, मध्ये दिवसच्या दिवस जातात. टाकीत साठलेलं पाणी त्याला तसंच देऊ नकोस. आपल्या पिण्याचं उकळून गार केलेलं पाणीच त्यालाही दे आणि त्याचं भांडं रोज घासून घे.

आता जे द्यायचं नाही ते. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्या कुठल्याही रश्शात हे दोन्ही असतातच, म्हणून "नुसता रस्सा, त्यात काय" असं म्हणायचं नाही. शेजारून नान-कलिया आला तर त्याचा वास मोतीला वेड लावतो, पण ती तेलाची तर्री त्याच्या स्वादुपिंडाला सूज आणू शकते. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं मूत्रपिंडाचा घात करतात. दूध मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना सोसत नाही, मोतीला तर मुळीच नाही. शिजवलेलं हाड चिरफळ्या होऊन आतडं फाडतं. आणि आमरसाच्या दिवसांत आंब्याची कोय: कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. कोयी झाकणाच्या डब्यात टाक, आणि डबा उंचावर ठेव.

एवढं करूनही कधीतरी पोट बिघडेल. एकदा उलटी झाली आणि तो शेपूट हलवत फिरत असेल तर घाबरू नकोस. अर्धा दिवस अन्न बंद ठेव, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. मग मऊ भात आणि उकडलेलं चिकन, दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन घास. शी घट्ट झाली की दोन-तीन दिवसांत हळूहळू रोजच्या अन्नावर आण. एरवीही नवं काही सुरू करायचं झालं तर आधी पाव हिस्सा, मग अर्धा, असं करत ७ ते १० दिवस घ्यायचे.

फ्रिजवर वही ठेवली आहे. काय खाल्लं, शी कशी झाली, एवढं रोज लिही. लिहायला किळस वाटेल, पण डॉक्टरांना त्यातून खूप कळतं. शेंबडासारखा चिकट पदार्थ, ताजं लाल रक्त आणि वारंवार थोडी थोडी शी असेल तर दुखणं बहुधा मोठ्या आतड्यात. डांबरासारखी काळी असेल तर रक्तस्राव वरच्या बाजूला. गोचीड दिसली तर तेही लिही. गोचिडीच्या तापातही कुत्रं पहिल्यांदा जेवणच सोडतं.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही. शीमध्ये किंवा उलटीत रक्त, प्यायलेलं पाणीही उलटून पडणं, पोट फुगून कोरडे उमासे येणं, हाक मारूनही मान न उचलणं. हिरडी बोटाने दाबून सोड. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. झाली नाही, किंवा हिरडी मुळातच फिकट असली, तर रिक्षा बोलाव. उन्हाळ्यात जुलाबांनी अंगातलं पाणी फार लवकर आटतं. आपले डॉक्टर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, फोनवरही नीट समजावून सांगतात. त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे. ते भेटले नाहीत तर खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. घरातली माणसांची गोळी मात्र कुठलीही देऊ नकोस. तापाची, अंगदुखीची आपली साधी गोळी त्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला निकामी करू शकते. जुलाब थांबवायची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मावशी, तू आयुष्यभर दारी आलेल्या कुणाला उपाशी पाठवलं नाहीस, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. मोती जेवणाच्या वेळी तुझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवेल तेव्हा त्याला "नाही" म्हणणं तुला किती जड जाईल, हेही मला कळतं. गल्लीतली पोरंही फाटकातून ग्लुकोज बिस्किटं पुढे करतील. सगळे मायेनेच देतात, आणि इतक्या हातांची माया एका पोटाला झेपत नाही.

म्हणून एक कर. सकाळी त्याचं दिवसभराचं अन्न मोजून घेतलंस की त्यातलंच थोडं चिकन आणि भाकरीचे तुकडे एका वाटीत काढून ठेव. तू जेवायला बसलीस की त्या वाटीतला घास दे, पोरांच्या हातावरही त्यातलाच ठेव. तुझी घास काढायची रीत मोडू नये, असं मलाही मनापासून वाटतं. फक्त तो घास आपल्या ताटातून न निघता त्याच्याच वाट्यातून निघावा.

कळावे, लोभ असावा.

तुझी भाची