मळा कुणाचा?

द्राक्षबाग करणाऱ्याच्या अंगात थोडी घमेंड येतेच. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत रोज काही ना काही ठरवावं लागतं. औषध कुठलं मारायचं, पाणी किती सोडायचं, विरळणी कधी करायची. चार अंदाज बरोबर आले की वाटतं, सगळं आपल्याच डोक्यानं चाललंय. तासगाव तालुक्यातल्या आमच्या बागेनं काही वर्षं चांगले पैसे दिले आणि मलाही तसंच वाटू लागलं.

वडील दर आषाढीला पायी पंढरपूरला जायचे. त्यांच्या माघारी माळ मी गळ्यात घातली, वारी मात्र सोडली. कुणी विचारलं की म्हणायचो, "सावतोबा कुठं पंढरीला गेले होते? त्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला." अरणच्या त्या संताला मी माझ्या आळसाच्या समर्थनाला पुढं करत होतो.

2019 च्या ऑक्टोबरात पाऊस उघडलाच नाही. महिनाअखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठलं. बागा ऐन नाजूक अवस्थेत होत्या आणि डावणी रोग पडला. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा म्हणून पाठीवर पंप घेऊन फवारलं, तर पुढची सर औषध धुऊन न्यायची. त्या वेळी थांबून हिशेब करायला हवा होता. मी उलट इरेला पेटलो. सोसायटीचं कर्ज थकलेलं असताना गावातून व्याजानं पैसे उचलले आणि औषधात घातले. घरी कुणाला कळू दिलं नाही. बायको विचारायची, "अहो, झोपत का नाही तुम्ही?" मी पावसाचं नाव सांगायचो.

देव आठवला तोही व्यवहारासारखा. बाग वाचू दे, जोतिबाला चांदी वाहीन, असा नवस बोललो. व्यापाऱ्याशी घासाघीस करावी तसाच हा प्रकार. निम्मी बाग वाचली, तर त्याचंही श्रेय मी माझ्या फवारणीला दिलं आणि नवस पुढं ढकलला.

मग 2020 चा मार्च आला. माल तयार, दर ठरलेला आणि कोरोनाची टाळेबंदी लागली. व्यापाऱ्याचा फोन लागेना. तेव्हा मी सगळ्यांत मोठी चूक केली. "आता देवच बघेल" म्हणत हातपाय गाळून बसलो. लोकांना ती श्रद्धा वाटली असेल. खरं तर मी हाय खाल्ली होती आणि देवाच्या नावाआड तोंड लपवत होतो. घड वेलीवर मऊ पडत होते.

एका संध्याकाळी आई हरिपाठाला बसली होती. मी शेजारी बसलो. पाठ संपला तरी उठलो नाही. विठ्ठलाच्या तसबिरीसमोर तोंडातून एवढंच निघालं, "माझ्यानं होत नाही." आई, बायको दोघींनी ऐकलं. मग व्याजाचा आकडाही सांगितला. बायको रडली, चिडली आणि शेवटी म्हणाली, "आधी माल उतरवा. बाकीचं उद्या बघू."

ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं, त्याच्याकडे बेदाण्याचं शेड होतं. सकाळी जाऊन त्याला हात जोडले. त्यानं जुनं काही काढलं नाही, रॅक मोकळे करून दिले. घरच्यांनी आणि भावकीनं मिळून घड उतरवले, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढले, जाळीवर पसरले. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. तेवढा तरी हाती लागला.

त्या वर्षीची आषाढी 1 जुलैला होती. मला पहिल्यांदा मनापासून पंढरीला जावंसं वाटलं आणि नेमकी त्याच वर्षी पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीनं गेल्या. घरीच बसून सावतोबांचा विचार केला, या वेळी सोय बाजूला ठेवून. ते मळ्यात राबले, पण मळा विठ्ठलाचा मानून. मी मळा माझा मानला, म्हणून बिघडला की तो लपवावा लागला. तो विठ्ठलाचा मानला असता तर पीक गेलं तरी माझी अब्रू गेली नसती आणि मदत मागायला लाज वाटली नसती. राबणं मात्र कशानंच टळत नाही.

चमत्कार काही झाला नाही. सावकाराचे पैसे फेडायला खालच्या अंगाचं रान विकावं लागलं. सोसायटीचे हप्ते अजून चालू आहेत. नवस मात्र त्या कर्जाच्या यादीतून काढून टाकला, देवाशी सौदा करायचा नाही हे ठरवून.

तुम्ही आज अशाच कात्रीत सापडला असाल तर देवाला जरूर सांगा. पण त्याला जे सांगाल, तेच त्याच दिवशी घरातल्या एका तरी माणसाला सांगा. मी ते पाच महिने आधी केलं असतं, तर ते रान आज आमचं असतं.