लाइपझिगचे ऋण

एमबीबीएसला ‘पीएसएम’च्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) पेपरासाठी भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा देणारी ‘भोर समिती, १९४६’ आम्ही पाठ करायचो. त्या समितीला सल्ला देण्यासाठी हेन्री सिगरिस्ट नावाचे वैद्यकाचे इतिहासकार १९४४ मध्ये भारतात आले होते, हे मला ठाऊक नव्हते. वैद्यकाचा इतिहास म्हणजे जेन्नर, पाश्चर, कॉख यांची चरित्रे, एवढीच माझी समज होती.

पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली. गोळ्या घेऊन बरे झालेले क्षयाचे रुग्ण वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा दारात दिसत. त्या दिवसांत सिगरिस्ट वाचले. कार्ल झुडहॉफ यांच्यानंतर लाइपझिगची वैद्यक-इतिहासाची संस्था त्यांनी सांभाळली आणि १९३२ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्सला गेले. आजारी कोण पडतो, तो काम काय करतो, उपचाराचा खर्च कोण सोसतो, हे त्यांच्या लेखी इतिहासाचे प्रश्न होते. रुग्णाची मजुरी विचारायची सवय मला त्यांनी लावली. सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवरचे त्यांचे १९३७ चे पुस्तक मात्र वाचताना मन खिन्न झाले. त्याच वर्षी स्टालिनची दहशत शिगेला पोहोचली होती आणि पुस्तकात केवळ कौतुक होते.

त्यांच्या लाइपझिगच्या ओढीने मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले आणि तिथल्याच वैद्यक-इतिहासकार आखिम टोम यांच्यापर्यंत पोहोचले. पूर्व जर्मनीतल्या टोम यांनी सोव्हिएत अभ्यासक त्सारेगोरोद्त्सेव यांच्यासह संपादित केलेला नाझीकालीन वैद्यकावरचा ग्रंथ १९८९ मध्ये पूर्व बर्लिनला निघाला. सक्तीची नसबंदी, मनोरुग्णांच्या हत्या, छळछावण्यांतले प्रयोग. १९४०-४१ मध्ये सुमारे ७०,००० रुग्ण वायूने मारले गेले, तेही डॉक्टरांच्या सहीने. फॅसिझम हे भांडवलशाहीचे अपत्य, ही त्यांची चौकट मला जागोजाग जाचली. पण काही विकृत माणसांवर दोष टाकून ते थांबले नाहीत. कायदे, संस्था आणि खर्चाचे हिशेब यांच्याकडे पाहायला त्यांना त्याच चौकटीने शिकवले होते, आणि मला त्यांनी.

पण पूर्व जर्मनीला स्वतःच्या घरात डोकावताना तीच विचारसरणी आड आली. येनाचे नामवंत बालरोगतज्ज्ञ युसुफ इब्राहिम यांचा बालहत्यांतला सहभाग येना विद्यापीठाच्या चौकशीने २००० मध्ये मान्य केला. तोवर पूर्व जर्मनी उरलीच नव्हती.

असा शोध जुन्या नोंदींशिवाय घेता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या जुन्या मनोरुग्णालयांच्या आणि कुष्ठरुग्ण वसाहतींच्या नोंदवह्या ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांना माझी विनंती आहे: त्या रद्दीत घालू नका. एखादा विद्यार्थी त्या वाचायला आला, तर त्याला बसायला जागा द्या.